मोटारबोटीचा मळसूत्री पंखा

एंजिनाच्या फिरणाऱ्या दांड्याची शक्ती पाण्यात रेट्याच्या रूपाने उतरवून बोट पुढे वा मागे ढकलणारे साधन. मध्यभागी पोकळ तुंबा आणि त्यावर तिरपी बसविलेली दोन, तीन किंवा चार पाती अशी त्याची रचना असते. पाती फिरताना मागील बाजूचे पाणी जोराने मागे फेकतात व त्याच्या प्रतिक्रियेने बोट पुढे जाते. हा पंखा व्यवहारात ‘प्रॉपेलर’ या नावानेही ओळखला जातो. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार त्याला नुसते ‘पंखा’ म्हणतात.

मोटारबोट विकत घेताना खरेदीदाराचे लक्ष बहुधा एंजिनाच्या अश्वशक्तीवर असते. पंखा एंजिनाबरोबर आलेला, म्हणून तोच योग्य, असे गृहीत धरले जाते. परंतु तेच एंजिन एका बोटीवर हलक्या सहलीसाठी, दुसरीवर जाळे ओढण्यासाठी आणि तिसरीवर पुरातून माणसे काढण्यासाठी वापरले जाते व या तिन्ही कामांना एकच पंखा चालत नाही. पंखा हा एंजिनाचा सुटा भाग नसून एंजिन, बोटीचा सांगाडा, तिच्यावरील भार आणि तिचे काम या चौघांमधील दुवा आहे. तो चुकला तर इंधन वाया जाते, एंजिन अकाली झिजते आणि क्वचित प्रसंगी जिवावर बेतते.

इतिहास : मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये मुंबईहून सुएझला गेली तेव्हा तिला दोन्ही बाजूंस मोठी वल्हेचाके होती. मळसूत्राने पाणी मागे सारण्याची कल्पना त्यापूर्वीची असली, तरी तिला व्यवहार्य रूप आले ते १८३६ मध्ये. त्या वर्षी फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्लंडमधील शेतकऱ्याने व जॉन एरिकसन या स्वीडिश अभियंत्याने लंडन येथे स्वतंत्रपणे एकस्वे मिळविली. स्मिथचे पहिले मळसूत्र लाकडी व लांबट होते. १८३७ मध्ये कालव्यातील चाचणीच्या वेळी त्याचा जवळजवळ निम्मा भाग तुटून पडला आणि बोट थांबण्याऐवजी अधिक वेगाने जाऊ लागली. मळसूत्राचे लांबच लांब आटे नको असून त्यांचा छोटासा तुकडाच पुरेसा आहे, हे या अपघाताने कळले. आजचे पाते म्हणजे असा तुकडाच होय. १८४५ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘रॅटलर’ ही पंख्याची व ‘अलेक्टो’ ही वल्हेचाकांची अशा जवळजवळ सारख्या शक्तीच्या दोन बोटी पाठीला पाठ लावून दोरखंडाने बांधल्या. रॅटलरने अलेक्टोला उलट ओढत नेले व वाद मिटला. बोटीच्या पिछाडीस बाहेरून अडकविण्याच्या एंजिनाचा प्रसार मात्र विसाव्या शतकात, विशेषतः ओले एव्हिन्‌रूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत असे एंजिन बाजारात आणल्यानंतर झाला.

व्यास व पिच : पंख्याच्या तुंब्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात, उदा., ११ × १३. त्यांपैकी पहिला पात्यांच्या टोकांनी आखलेल्या वर्तुळाचा व्यास व दुसरा ‘पिच’ असून दोन्ही इंचांत दिलेले असतात. स्क्रू लाकडात एक फेरा फिरविला असता जेवढा आत शिरतो तेवढा त्याचा पिच. त्याचप्रमाणे पाणी घट्ट असते आणि पंखा त्यात न घसरता फिरला असता, तर एका फेऱ्यात तो जेवढा पुढे गेला असता ते अंतर म्हणजे पंख्याचा पिच होय. पाती जितकी अधिक तिरपी तितका पिच मोठा. सायकलच्या किंवा मोटारीच्या गिअरशी त्याची तुलना करता येते. लहान पिच म्हणजे चढावरचा गिअर, मोठा पिच म्हणजे सपाट रस्त्यावरचा. फरक इतकाच की, मोटारीला हे गिअर चालता चालता बदलता येतात. साध्या मोटारबोटीला मात्र एकच गिअर घेऊन चढ व सपाटी दोन्ही पार करावी लागतात.

पाणी घट्ट नसल्यामुळे बोट प्रत्यक्षात कमी अंतर कापते. या फरकास घसर म्हणतात. उदाहरणार्थ, एखाद्या मासेमारी नौकेचे एंजिन दर मिनिटास १,८०० फेरे घेत असून गिअरबॉक्स त्याचे ६०० करीत असेल व पंख्याचा पिच ५६ सेंमी. (२२ इंच) असेल, तर तात्त्विक वेग ताशी सु. २० किमी. येतो. नौका प्रत्यक्षात ८ नॉट म्हणजे ताशी सु. १५ किमी. जात असेल, तर घसर सु. २६ टक्के झाली. घसर म्हणजे निव्वळ तोटा, असा समज आढळतो तो बरोबर नाही. घसर मुळीच नसेल तर पाणी मागे फेकलेच जाणार नाही आणि रेटाही मिळणार नाही. हीच नौका जाळे ओढताना अडीच नॉट वेगाने चालते तेव्हा तिची घसर तीनचतुर्थांशाहून अधिक असते व तरीही पंखा आपले काम करीत असतो.

व्यासाचा परिणाम पिचपेक्षाही तीव्र असतो. फेरे तेवढेच ठेवल्यास पंखा शोषून घेत असलेली शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे व्यास अवघा ५ टक्के वाढविला तर शक्तीची मागणी सु. २८ टक्क्यांनी वाढते. एंजिनाजवळ ती शिल्लक नसल्यास त्याचे फेरे घटतात. फेऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण तिसऱ्या घाताचे आहे. म्हणजे फेरे एकपंचमांशाने कमी केले की पंख्याला जवळजवळ निम्मीच शक्ती पुरते. घाई नसताना एंजिन किंचित मंद ठेवणाऱ्या तांडेलाचे डिझेल लक्षणीय प्रमाणात वाचते, ते यामुळेच. ही बचत पंखा न बदलता साधते.

एकाच शक्तीचा रेटा दोन प्रकारे मिळविता येतो : थोडे पाणी फार वेगाने मागे फेकून किंवा पुष्कळ पाणी थोड्या वेगाने मागे फेकून. दुसरा प्रकार अधिक कार्यक्षम असतो. म्हणून मंद व जड बोटीला मोठ्या व्यासाचा, लहान पिचचा व सावकाश फिरणारा पंखा बसवितात, तर हलक्या वेगवान बोटीला लहान व्यास व मोठा पिच मानवतो.

निवडीची कसोटी : योग्य पंख्याची कसोटी सोपी आहे. बोटीवर नेहमीचा पूर्ण भार ठेवून, खोल व मोकळ्या पाण्यात एंजिन पूर्ण जोरात चालवावे आणि त्याचे फेरे मोजावेत. निर्मात्याने पूर्ण शक्तीसाठी जे फेरे सांगितलेले असतात, तेवढे फेरे एंजिनाने घेतले पाहिजेत. त्यापेक्षा बरेच कमी पडल्यास पंखा एंजिनाला जड आहे. डिझेल एंजिन अशा वेळी काळा धूर ओकते, तापते व त्याच्या झडपा आणि दट्ट्यांच्या कड्या लवकर निकामी होतात. फेरे मर्यादेबाहेर जात असल्यास पंखा हलका आहे. डिझेल एंजिनाचा नियंत्रक फेरे रोखून धरीत असल्याने इजा टळते, पण शक्ती वापराविना राहते. पेट्रोलवरील बाहेरच्या एंजिनाला मात्र असे अतिवेगाने फिरणे घातक ठरते. अशा एंजिनांच्या बाबतीत पिच एक इंचाने कमी केल्यास पूर्ण जोरातील फेरे दर मिनिटास सु. १५० ते २०० नी वाढतात, असा अनुभवसिद्ध नियम आहे.

ही चाचणी रिकाम्या बोटीवर घेण्याची चूक सर्रास होते. विक्रेत्याच्या धक्क्यावर दोन माणसे घेऊन झोकात पळणारी बोट पूर्ण भाराने जागची हलेनाशी होते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

पाण्यात बुडून चालणाऱ्या जड सांगाड्याला वेगाची एक नैसर्गिक मर्यादा असते. बोट स्वतःच उठविलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते व त्यापुढे शक्ती वाढवूनही वेग फारसा वाढत नाही. सु. १४ मी. लांबीच्या नौकेची ही मर्यादा नऊ नॉटांच्या आसपास असते. अशा नौकेला मोठ्या पिचचा पंखा लावणे म्हणजे इंधन जाळून लाटा करणे होय. सपाट तळाची हलकी बोट मात्र पुरेशा रेट्याने पाण्यावर उचलली जाऊन पृष्ठावरून घसरत धावू लागते. या उचलण्याच्या क्षणी तिला सर्वाधिक रेटा लागतो व तेवढ्यासाठीच पुष्कळदा पिच लहान ठेवावा लागतो.

हवेची घनता समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनुसार कमी होत असल्याने साध्या एंजिनाची शक्ती दर १०० मी. उंचीमागे सु. एक टक्का घटते. पूर्णेच्या खोऱ्यात हा परिणाम नगण्य असला, तरी अमरावती जिल्ह्यातच असलेल्या चिखलदऱ्यासारख्या सु. १,१०० मी. उंचीच्या ठिकाणी एकदशांश शक्ती कमी मिळते व पिच कमी करणे भाग पडते.

पाती व धातू : दोन पात्यांचा पंखा कार्यक्षम असला तरी थरथरतो, तीन पात्यांचा सर्वसाधारण वापरात आहे, चार पात्यांचा पंखा कमी व्यासात अधिक रेटा देतो व मंद वेगातही पाण्याची पकड सोडत नाही. पात्यांचे एकूण क्षेत्रफळ रेट्याच्या मानाने अपुरे असल्यास पात्याच्या पुढील बाजूवरील दाब इतका कमी होतो की, तेथे पाणी थंड असतानाही उकळून वाफेचे बुडबुडे बनतात. हे बुडबुडे पात्यावर फुटताना धातूवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. चार्ल्स पार्सन्झ यांच्या ‘टर्बिनिया’ या टरबाइन-नौकेला १८९४ साली हाच दोष भोवला. एका दांड्यावरील पंख्याऐवजी तीन दांड्यांवर प्रत्येकी तीन पंखे बसविल्यावर तिने १८९७ मध्ये ३४ नॉटांचा वेग गाठला. पंखा उथळ बुडाला असता पृष्ठावरील हवा ओढून घेतो, तो प्रकार याहून निराळा. त्यात खड्डे पडत नाहीत, पण एंजिन एकदम भिरभिरते व रेटा नाहीसा होतो.

समुद्रातील नौकांसाठी पंखे बहुधा काशाचे किंवा मँगॅनीज-ब्राँझचे ओततात. बाहेरच्या एंजिनांचे पंखे ॲल्युमिनियमाचे वा अगंज पोलादाचे असतात. ओतीव पंख्याच्या तिन्ही पात्यांचा पिच खरोखर सारखा आहे किंवा नाही हे मोजून पाहावे आणि पंखा आडव्या दांड्यावर मोकळा ठेवून त्याचा तोल तपासावा. एक पाते नेहमी खालीच येत असेल तर ते जड आहे. वाकलेले पाते हातोडीने डोळ्यांच्या अंदाजाने सरळ केलेला पंखा दिसायला ठीक वाटतो, परंतु तो दांड्याचे धारवे व पाणी रोखणारे पॅकिंग दोन्ही खातो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर : १९५० नंतरच्या दशकात सरकारी कर्जे व अनुदाने आणि मच्छीमारांच्या सहकारी संस्था यांच्या साहाय्याने मुंबई राज्यातील शिडाच्या होड्यांवर डिझेल एंजिने बसू लागली. ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) सातपाटी हे या यांत्रिकीकरणाचे एक प्रमुख केंद्र होते. शिडाच्या होडीची पिछाडी वाऱ्यासाठी घडविलेली, निमुळती. तिच्या मागील खांबाला भोक पाडून दांडा बाहेर काढला, की सुकाणू व खांब यांच्यामध्ये पंख्याला जेवढी जागा उरेल तेवढाच व्यास शक्य होई. त्यामुळे एंजिनाच्या मानाने पंखा लहान व त्याचे फेरे फार, अशी जोडी पुष्कळ ठिकाणी जुळली आणि शक्तीचा बराच भाग पाणी घुसळण्यातच जाऊ लागला. पुढे मुद्दाम एंजिनासाठी आखलेल्या नौका आल्या आणि हा दोष कमी झाला. तथापि ट्रकसाठी बनविलेली एंजिने सागरी जोडसामग्री लावून वापरण्याची प्रथा रूढ झाल्याने गिअरबॉक्सचे प्रमाण व पंखा यांचा मेळ घालण्याचा प्रश्न कायम राहिला.

किनाऱ्यावरील नौकांची कामे सारखी नसतात. डोल जाळ्याची नौका जाळे खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात मासे पकडते. तिला एंजिन लागते ते जाण्यायेण्यापुरते. जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरचे एंजिन मात्र तासन्‌तास मंद वेगात पूर्ण भाराखाली चालते. ट्रॉलरचा पंखा ओढण्याच्या कामासाठी निवडला तर बंदरात परतताना एंजिन हलके पडते आणि परतीच्या वेगासाठी निवडला तर ओढताना गुदमरते. अनुभवी तांडेल पहिला पर्याय पत्करतात व तो योग्यच आहे, कारण इंधनाचा मोठा भाग ओढण्यातच खर्च होतो. पंख्याभोवती निमुळती नळी बसविल्यास मंद वेगातील रेटा ठळकपणे वाढतो. जर्मनीतील लूटव्हिख कोर्ट यांच्या नावाने ही नळी ओळखली जाते. तिच्यात जाळ्याचा दोर गुंतल्यास सोडविणे कठीण जाते, हा तिचा मोठा तोटा होय.

पूरबचावाची बोट : किनाऱ्यापासून दूर असलेल्या वऱ्हाडात मोटारबोटीचा प्रसंग बहुधा पावसाळ्यातच येतो. दर्यापूर हे गाव चंद्रभागेच्या काठी, पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. गाविलगडच्या डोंगरातून वेगाने उतरणारे प्रवाह या खोऱ्यातील अत्यंत सपाट काळ्या जमिनीवर आले की मंदावतात व पुराचे पाणी शेतांवरून दूरवर पसरते. अशा पाण्यात बोट नदीतून कमी व शिवारातूनच अधिक चालते. तिच्या पंख्याखाली कधी दोन पुरुष पाणी असते, तर कधी गुडघाभर. त्यात बाभळीच्या फांद्या, कपाशी व तुरीची उभी झाडे, कुंपणाच्या तारा, बुडालेली विहिरीची काठाळी आणि चिखल. समुद्रावर किंवा तलावावर उत्तम ठरलेला पंखा येथे उपयोगी पडेलच असे नाही.

उदाहरणादाखल ४० अश्वशक्तीचे बाहेरचे एंजिन बसविलेली हवेने फुगविण्याची बोट घेऊ. एंजिनाचे पूर्ण शक्तीचे फेरे दर मिनिटास ४,५०० ते ५,५०० व गिअरचे प्रमाण २ : १ धरल्यास ५,००० फेऱ्यांना पंखा २,५०० फेरे घेईल. त्यावर १३ इंच पिचचा पंखा असल्यास दोन माणसांसह बोट ताशी ४० किमी.पर्यंत धावू शकेल. हाच पंखा ठेवून चालक, मदतनीस व आठ सुटका केलेली माणसे बसविली की बोट नाळ वर करून पिछाडी रुतवते, फेरे ४,००० च्या आसपास अडकतात आणि ती पृष्ठावर उचलली जात नाही. वेग ताशी १२ किमी. उरला व समोरून ताशी १० किमी.चा प्रवाह असला, तर काठाच्या दृष्टीने बोट ताशी दोनच किलोमीटर सरकते. पिच १० इंचांचा केल्यास फेरे साडेचार हजारांच्या वर जाऊन बोट उचलली जाण्याचा संभव पुष्कळ वाढतो. रिकाम्या बोटीचा कमाल वेग ताशी ३० किमी.च्या आसपास उतरतो व हलकी असताना झडप जपून उघडावी लागते. पण बचावाच्या कामात हा तोटा मोजण्याजोगा नाही.

धातूच्या निवडीतही येथे नेहमीचा न्याय उलटतो. पोलादी पंखा टिकाऊ व वेगवान. परंतु तो दगडावर आदळला असता धक्का तसाच दांड्याकडे व गिअरकडे जातो आणि एंजिन पुरात निकामी होते. ॲल्युमिनियमाचे पाते वाकते किंवा तुटते व गिअर वाचवते. तुंब्यातील रबरी बुश किंवा धक्क्याने तुटणारी खीळ यांचे कामही हेच. म्हणून राखीव पंखा, खिळी, चाप आणि पाना बोटीतच बांधून ठेवणे आवश्यक असते. तो बदलण्याचा सरावही कोरड्या जमिनीवर आधीच केलेला असावा. माणसे पाण्यातून वर घ्यावयाची असल्याने पंख्याभोवती संरक्षक कडे असणे इष्ट. त्यामुळे रेटा काही प्रमाणात घटतो व तो हिशेब पिच ठरवितानाच करावा लागतो. कडे असले तरी माणूस बोटीच्या बाजूस आला की एंजिन बंद करणे हाच खरा बचाव होय, कारण गिअर मोकळा असतानाही पंखा हळू फिरत राहू शकतो.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील मोवाड गावात दोनशेहून अधिक माणसे दगावली. नदीच्या अलीकडच्या काठावर अमरावती जिल्हा लागतो. आता राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपूर येथे असून जिल्हा पातळीवरही बोटी व एंजिने ठेवलेली असतात. मात्र वर्षातील बहुतेक काळ ती गोदामात पडून राहतात. रबर कडक होते, खीळ गंजते आणि पंखा कोणत्या भारासाठी आहे हे त्या दिवशीच कळते. वऱ्हाडात वर्षभर बोट चालविण्याजोग्या नद्या नसल्या, तरी मोर्शीजवळचा ऊर्ध्व वर्धा, अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शहानूर, अकोला जिल्ह्यातील काटेपूर्णा असे जलाशय आहेत. तेथे मे महिन्यात बोटीत माणसांच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून, फेरे मोजण्याच्या यंत्रासह चाचणी घेतली आणि मिळालेला आकडा एंजिनाच्या झाकणावर रंगवून ठेवला, तर पंख्याचा प्रश्न एका सकाळीत सुटतो.

पंखा कितीही अचूक असला तरी तो बोटीची भारक्षमता वाढवीत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली, तेव्हा तीत क्षमतेहून अधिक माणसे होती. लहान पिचच्या पंख्यामुळे जादा भाराची बोटही जागची हलते आणि चालकाला भार पेलल्याचा भास होतो. त्यामुळे बोटीवर भाराची मर्यादा माणसांच्या संख्येत, दोन्ही बाजूंना, ठळक अक्षरांत लिहिलेली असावी लागते.